लायकी नसताना

मराठी मुलांना ‘ग्रेस’ हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो निकालाच्या दिवशी. पस्तीसला पास, गणितात पडले बत्तीस, वरचे तीन बोर्डाने दिले आणि गाडी पुढे गेली. नोकरी लागली की तोच शब्द विम्याच्या आणि क्रेडिट कार्डाच्या कागदांत भेटतो. हप्त्याची तारीख उलटली तरी काही दिवस चालवून घेतात, तो ग्रेस पीरियड.

दोन्हीकडे सवलत आहे आणि दोन्हीकडे तिला हद्द आहे. बत्तीसवाल्याला तीन मिळतात, चारवाल्याला एकतीस कुणी देत नाही. हप्ता पाच दिवस चुकवणाऱ्याला सांभाळून घेतात, पाच वर्षं चुकवणाऱ्याच्या दारात वसुलीवाले येतात. थोडक्यात, ग्रेस मिळवायलाही थोडी लायकी लागते. निदान काठापर्यंत स्वतःच्या पायांनी यावं लागतं.

ख्रिस्ती धर्मातली ग्रेस, म्हणजे मराठी बायबलमधली ‘कृपा’, या हिशेबात बसत नाही. ती चारवाल्यासाठी आहे. पंच्याण्णववाल्यालाही ती तेवढीच आहे. त्याच्या पंच्याण्णवांमुळे तिच्यात एका गुणाचीही भर पडत नाही. माणसाने काहीतरी करून दाखवण्याच्या आधीच देव त्याला जवळ करतो, आणि बरेचदा माणसाने अगदी उलटं करून ठेवलेलं असताना करतो, असं ख्रिस्ती श्रद्धा सांगते.

मी ख्रिस्ती नाही. देव आहे की नाही याबद्दलचं माझं मतही फारसं पक्कं नाही. तरी ही एक कल्पना गेली काही वर्षं माझ्या मानगुटीवर बसून आहे, कारण ती ऐकली की मला आधी राग येतो. हा लेख त्या रागाबद्दल आहे. कष्ट करणाऱ्याला आणि न करणाऱ्याला, सांभाळणाऱ्याला आणि उधळणाऱ्याला एकाच पंगतीत बसवणं, याला प्रेम म्हणायचं की अन्याय?

पाच वाजता कामावर आलेला मजूर

मत्तयच्या शुभवर्तमानात, विसाव्या अध्यायात, येशूने सांगितलेली एक गोष्ट आहे. बाकीच्या तीन शुभवर्तमानांत ती नाही. एका द्राक्षमळ्याचा मालक पहाटे नाक्यावर जातो आणि मजूर ठरवतो. दिवसाला एक दीनार. त्या काळातला तो एका दिवसाचा रोज. नऊच्या सुमारास तो पुन्हा जातो, बाराला जातो, तीनला जातो आणि दर वेळी मोकळी उभी असलेली माणसं घेऊन येतो. संध्याकाळी पाचला, काम सुटायला तास उरलेला असताना, तो आणखी एकदा जातो. तेव्हाही काही जण उभेच असतात. दिवसभर इथे का थांबलात, असं तो विचारतो. आम्हाला कुणी घेतलंच नाही, असं ते सांगतात. त्यांनाही तो मळ्यात पाठवतो.

मजुरी वाटायची वेळ येते. मालक मुकादमाला शेवटच्यांपासून सुरुवात करायला सांगतो. पाचला आलेल्याच्या हातावर अख्खा दीनार पडतो. ते पाहून पहाटेच्यांना वाटतं, आता आपली चंगळ. पण त्यांच्याही हातावर एकच दीनार येतो. दिवसभराचं ऊन आम्ही सोसलं आणि तुम्ही यांना आमच्या बरोबरीला आणून बसवलंत, अशी त्यांची तक्रार. मालकाचं उत्तर असं, की तुझ्याशी जे ठरलं ते तुला दिलंय, माझ्या पैशातून मी दुसऱ्याला काय द्यावं हा माझा प्रश्न आहे.

आपल्याकडच्या कुठल्याही शहरातल्या मजूर नाक्यावर सकाळी थोडा वेळ थांबलं, की ही गोष्ट वेगळी ऐकू येते. ठेकेदार आधी तरणी, धडधाकट माणसं उचलतात. दहानंतर उरतात ते म्हातारे, पायाने अधू, गावाहून कालच आलेले, कुणाच्या ओळखीचे नसलेले. पहाटेपासून राबणाऱ्याला थकवा असतो, पण आज घरी पैसे जाणार आहेत हेही त्याला ठाऊक असतं. दुपारी तीनला नाक्यावर उभ्या असलेल्याला ते ठाऊक नसतं. संध्याकाळी दोघांच्याही पोरांना भूक सारखीच लागते. मालकाने तास मोजले नाहीत, चुली मोजल्या.

या गोष्टीतला मला सर्वांत बोचणारा भाग मात्र वाटपाचा क्रम आहे. पहाटेच्यांना आधी पैसे दिले असते, तर ते खुशीत घरी गेले असते. कुणाला किती मिळाले हे त्यांना कळलंही नसतं. गोष्ट सांगणाऱ्याने मुद्दाम त्यांना रांगेच्या शेवटी उभं करून सगळं बघायला लावलं. त्यांना मजुरी कमी पडली नव्हती. दुसऱ्याला मिळाली, हे त्यांना खुपलं.

आहेराची वही

‘कृपा’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दासाठी येतो तो शब्द ‘खारिस’. त्याचा लॅटिन अवतार ‘ग्रातिया’, त्यातून इंग्रजी ‘ग्रेस’ आला आणि फुकट या अर्थाचा ‘ग्रॅटिस’ही. पण येशूच्या काळातल्या भूमध्य समुद्राकाठच्या जगात खारिस फुकट नव्हती. खारिस म्हणजे भेट, उपकार, आणि त्याबद्दलची कृतज्ञताही. तिघांना एकच शब्द, कारण तिन्ही एकाच साखळीत होती. श्रीमंताने गावाला पाणपोई बांधून द्यायची, गावाने त्याच्या नावाचा दगड लावायचा. भेट कुणाला द्यावी यावर विचार करणारे लोक, रोमन तत्त्वज्ञ सेनेका त्यांतला नावाजलेला, माणूस नीट पारखून घ्यायला सांगत. नालायकाला दिलेली भेट वाया जाते, असा सर्वसाधारण समज होता.

आपल्याला हे समजायला जड नाही. लग्नघरात एक वही असते. कुणी किती आहेर केला ते तीत लिहिलेलं असतं आणि पुढच्या लग्नसराईत ती वही पुन्हा उघडते. त्यांनी पाचशे एक दिले होते, आपण कमी कसे द्यायचे? आहेर ही भेटही असते आणि उधारीही.

संत पौलाने हाच व्यवहारातला शब्द उचलला आणि त्याच्यातली पारख काढून टाकली. ब्रिटिश अभ्यासक जॉन बार्कले यांनी २०१५ साली आलेल्या ‘पॉल अँड द गिफ्ट’ या जाडजूड ग्रंथात हा मुद्दा बारकाईने मांडला आहे. देवाची भेट उदार असते हे पौलाच्या काळातल्या ज्यूंनाही मान्य होतं. पौलाचं वेगळेपण असं, की ही भेट घेणाऱ्याची लायकी न बघता दिली जाते. जन्म, जात, स्त्री-पुरुष, मालक-गुलाम, धर्मपालनाचा इतिहास, यातलं काहीही पात्रतेच्या रकान्यात भरता येत नाही. पण बार्कले लगेच दुसरीही गोष्ट सांगतात: आधी अट नाही, म्हणून नंतर काही अपेक्षाही नाही, असं पौल कुठेच म्हणत नाही. भेट स्वीकारणाऱ्याचं आयुष्य त्या भेटीने बदलावं, हे त्याने गृहीतच धरलं आहे.

या दोन वाक्यांमधली जागा ख्रिस्ती धर्माला पुढे फार महाग पडली.

मांजर, माकड आणि दोन साधू

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला या जागेवरून मोठं भांडण झालं. एका बाजूला उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो गावचा बिशप ऑगस्टीन, दुसऱ्या बाजूला ब्रिटनहून रोमला आलेला पेलेजियस नावाचा तपस्वी. ऑगस्टीनने आपल्या आत्मचरित्रात देवाला विनवलं होतं, की तुला जे हवं ते माझ्याकडून मागच, पण ते करण्याची ताकदही तूच दे. हे ऐकून पेलेजियस भडकला. तो पाखंडी नव्हता, उलट फार निष्ठेने जगणारा माणूस होता. रोममधले सुखवस्तू ख्रिस्ती लोक मनाला येईल तसे वागतात आणि माणूस दुबळाच असतो असं म्हणून हात झटकतात, हे तो रोज बघत होता. देवाने आज्ञा दिली असेल तर ती पाळण्याची क्षमताही माणसात असणारच, असं त्याचं म्हणणं.

ऑगस्टीनला स्वतःचा अनुभव ठाऊक होता. आपल्याला चांगलं वागायचं असतं आणि तरी आपण वागत नाही. इच्छाच आतून आजारी असते. आजारी माणसाला ‘उठ आणि चाल’ म्हणणं हा उपचार होत नाही. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलेजियसच्या मतांना धिक्कारलं आणि चर्चने ऑगस्टीनची बाजू घेतली.

हा प्रश्न फक्त त्यांचाच होता असं समजू नका. रामानुजांच्या परंपरेतल्या श्रीवैष्णवांमध्ये याच मुद्द्यावरून दोन पंथ पडले आणि त्यांच्या भूमिका दोन प्राण्यांवरून ओळखल्या जातात. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून ठेवतं; मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, मांजरी त्याला तोंडात धरून नेते. देव तारतो तो मर्कटन्यायाने की मार्जारन्यायाने? पेलेजियसचं ऐकलं तर पिल्लाने नुसतं धरायचं नाही, पोहायलाही शिकायचं. ऑगस्टीनचं ऐकलं तर पिल्लाला धरायची बुद्धी होते तीसुद्धा आईचीच करणी. आपले वारकरी विठ्ठलाला माउली म्हणतात आणि पतितपावनही म्हणतात, तेव्हा तेही या वादाच्या अंगणातच उभे असतात.

हजार वर्षांनी वाद पुन्हा पेटला. १५१७ साली मार्टिन ल्यूथरने पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या पत्रांच्या विक्रीवर हल्ला चढवला. देवाची माफी पावती फाडून विकली जाते, याची त्याला चीड होती. पण त्याहून खोल त्याची स्वतःची दमछाक होती. मठात उपास, जागरणं, कबुलीजबाब सगळं करूनही, ‘पुरेसं झालं का?’ हा प्रश्न सुटत नव्हता. कृपा विश्वासाने मिळते, कमाईने नाही, हे त्याला रोमकरांस पत्रात सापडलं आणि युरोप दुभंगला. १९९९ साली, ३१ ऑक्टोबरला, जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन वर्ल्ड फेडरेशन यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या: या मुद्द्याच्या गाभ्याबद्दल आपल्यात एकमत आहे. ज्या प्रश्नावरून माणसांनी एकमेकांना जाळलं, त्यावर सही व्हायला पावणेपाचशेहून अधिक वर्षं लागली.

‘पुरेसं झालं का?’ हा ल्यूथरचा प्रश्न मठातून बाहेर पडून आता आपल्या खिशात येऊन बसला आहे. टक्के, सिबिल स्कोअर, ॲप्रेझल, डिलिव्हरीवाल्याचे तारे, आज किती पावलं चाललो. आपण देवाला सोडलं असेल, पण परीक्षकाला सोडलेलं नाही. उलट पूर्वी तो एक होता आणि अधूनमधून क्षमाही करायचा.

थोरली

इथपर्यंत मी कृपेच्या बाजूने बोलते आहे असं वाटेल. आता दुसरी बाजू.

लूकच्या पंधराव्या अध्यायातली उधळ्या पुत्राची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. धाकटा मुलगा बाप जिवंत असतानाच वाटणी मागून घेतो, परदेशी जाऊन सगळं उडवतो, डुकरं राखायची वेळ येते. परतताना तो माफीचं भाषण पाठ करून येतो. त्यात शेवटी एक सौदाही असतो: मला मुलगा म्हणू नका, गडी म्हणून ठेवा. बाप लांबूनच त्याला पाहून धावत सुटतो आणि ते भाषण पुरतं होऊच देत नाही. अंगरखा, अंगठी, जोडे, मेजवानी. सौदा बोलायला जागाच उरत नाही.

थोरला भाऊ तेव्हा शेतात असतो. संध्याकाळी घराजवळ येतो तर आतून वाजंत्री ऐकू येते. त्याला घरातलं कुणी सांगायलाही गेलेलं नसतं. एका गड्याला विचारून कळतं. तो आत जायला नकार देतो.

मी घरातली थोरली आहे. माझा धाकटा भाऊ तेविसाव्या वर्षी ऑनलाइन रमीत आणि त्यासाठी काढलेल्या ॲपवरच्या कर्जांत बुडाला. वसुलीवाल्यांनी त्याच्या फोनमधल्या प्रत्येक नंबरावर फोन केले, त्यात आमच्या मामींपासून माझ्या टीम लीडपर्यंत सगळे होते. एका सकाळी तो निघून गेला. आठ महिने तो सुरतेत आहे एवढंच कळत होतं. हप्ते मी भरले, कारण कर्जाला जामीन म्हणून बाबांचं नाव होतं. मग आषाढातल्या एका संध्याकाळी तो दारात उभा राहिला, भिजलेला, दाढी वाढलेला. आई म्हणाली, “आधी हातपाय धू,” आणि तिने कुकर लावला. एकही प्रश्न नाही. नंतर तिने त्याच्यासाठी कोंबडी आणायला मलाच पाठवलं.

मी चिकन सेंटरच्या रांगेत उभी होते आणि मला त्या थोरल्या भावाचा एकेक शब्द पटत होता. रात्री मी आईला म्हटलं, “आठ महिने मी निस्तरतेय. माझ्यासाठी कधी कुकर लागला?” आई म्हणाली, “तुझं काय गं, तुझं तर घरच आहे.”

लूकच्या गोष्टीतला बाप थोरल्याला साधारण हेच सांगतो. हे उत्तर मला तेव्हा पटलं नाही आणि अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पण एक गोष्ट मी नंतर वाचताना टिपली. बाप धाकट्यासाठी धावत बाहेर गेला तसाच तो थोरल्यासाठीही मेजवानी सोडून बाहेर आला. तक्रार ऐकून घेतली, त्याला रागावला नाही. आणि थोरल्याच्या तक्रारीतला शब्द बघा: इतकी वर्षं मी तुमची चाकरी केली, असं तो म्हणतो. धाकटा गडी व्हायची तयारी करून आला होता. थोरला न जाताच, घरात राहून, गडी झाला होता. दोघांनीही घराला पगाराची जागा समजलं. एकाचा पगार संपला होता, दुसऱ्याचा थकला होता.

ज्यांचं देणं होतं त्यांचं काय?

तरी माझा राग एवढ्याने विझत नाही, कारण त्याच्या तळाशी एक खरा प्रश्न आहे. आईने माफ केलं, पण नुकसान माझं झालं होतं. तिला माफ करायचा अधिकार कुणी दिला?

या प्रश्नाचं सर्वांत जड रूप जॉन न्यूटनच्या आयुष्यात दिसतं. ‘अमेझिंग ग्रेस’ हे जगभर गायलं जाणारं भजन त्याचं. त्याची रीलमध्ये मावणारी कथा अशी फिरते: गुलामांच्या जहाजावरचा खलाशी वादळात सापडला, देव आठवला, धंदा सोडला, भजन लिहिलं. खरा क्रम इतका सोयीचा नाही. वादळ १७४८ सालचं. त्यानंतर न्यूटन गुलामांची जहाजं घेऊन गेला, कप्तान म्हणून गेला. डेकवर प्रार्थना होत असे आणि खाली साखळदंडांत माणसं असत. १७५४ साली त्याने समुद्र सोडला तो तब्येतीमुळे. १७६४ला तो पाद्री झाला, १७७२च्या अखेरीस भजन लिहिलं. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीरपणे लेखणी उचलली ती १७८८ साली, समुद्र सोडल्यानंतर चौतीस वर्षांनी. त्या पुस्तिकेत त्याने आपण काय केलं ते कबूल केलं, आणि ब्रिटिश संसदेतल्या लढ्याला आपली साक्ष दिली. १८०७ साली व्यापारबंदीचा कायदा झाला, त्याच वर्षाच्या शेवटी तो वारला.

जहाजाच्या तळघरात मेलेल्यांना कुणी विचारलं नाही, की याला कृपा मिळाली तर चालेल का. हा आक्षेप मला खोडता येत नाही, आणि तो सहज खोडून दाखवणाऱ्या प्रवचनकारावर माझा विश्वास बसत नाही.

पण कृपेचा गैरवापर कसा होतो हे ख्रिस्ती परंपरेतल्याच माणसांनी जास्त कडक भाषेत सांगितलं आहे. डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो, की वेदीपाशी अर्पण करताना तुझ्या भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याकडे जा. म्हणजे भावाला टाळून थेट देवाशी मिटवून घ्यायची वाट बंद. जर्मन पाद्री डीट्रिख बोनहोफरने १९३७ साली, हिटलरच्या राज्यात, ‘स्वस्त कृपा’ असा शब्द वापरला. पश्चात्तापाशिवाय माफी, मागे चालण्याची तयारी नसताना आशीर्वाद, ही चर्चची प्राणघातक शत्रू आहे असं त्याने लिहिलं. कृपा फुकट आहे, स्वस्त नाही. हिटलरविरोधी कटातल्या सहभागापायी त्याला ९ एप्रिल १९४५ रोजी फासावर चढवलं.

मग फुकट असूनही स्वस्त नसलेली कृपा दिसते कशी? लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात जक्कय नावाचा जकातदार भेटतो. रोमनांसाठी वसुली करणारा, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला, उंचीने बुटका. येशूला बघायला तो झाडावर चढतो. येशू थांबून म्हणतो, खाली उतर, आज तुझ्या घरी मुक्काम. लोक चिडतात. त्यानंतर जक्कय उभा राहून जाहीर करतो, की निम्मी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत.

इथे क्रम बघण्यासारखा आहे. आपल्या नेहमीच्या नीतीत आधी चौपट परत, मग जेवणाचं आमंत्रण. ‘करावे तसे भरावे’ हा हिशेब. इथे पाहुणा आधी घरी आला आणि भरपाई त्या जेवणातून निघाली. देणं बुडालं नाही; उलट कायद्याने लागलं नसतं इतकं परत झालं. फक्त ते तिकिटासारखं दारात मागितलं नाही.

माझ्या भावाबद्दलही एवढंच सांगता येतं, की तो आता महिन्याला दोन हजार रुपये मला पाठवतो. कुणी मागितले नव्हते. एखाद्या महिन्यात येत नाहीत. कुकरमुळे हे झालं असं मी सिद्ध करू शकत नाही. वसुलीवाल्यांच्या शंभर फोनांनी ते झालं नव्हतं, एवढं मात्र मी पाहिलं आहे.

हक्क आणि कृपा

कृपेबद्दल बोलताना आपल्याकडे एक सावधगिरी बाळगावी लागते. इथे हक्काच्या गोष्टी कृपा म्हणून वाटायची जुनी सवय आहे. रेशन, दाखला, पेन्शन, तीन महिने थकवलेला पगार, सगळं कुठल्या तरी साहेबांच्या कृपेने मिळतं आणि चौकात तसा फ्लेक्स लागतो. द्राक्षमळ्याच्या मालकाने असं केलं नाही. पहाटेच्या मजुराला ठरलेला दीनार त्याने पूर्ण दिला. त्याच्या रोजातून कापून दुसऱ्यावर उदारपणा केला नाही. आधी न्याय पुरा केला, मग त्याच्या पलीकडे गेला. जी कृपा न्यायाच्या अलीकडेच थांबते, तिला मेहरबानी म्हणावं.

हा फरक ज्या मराठी बाईला नेमका कळला असावा ती पंडिता रमाबाई. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्यासोबत हे कुटुंब तीर्थयात्रा करत फिरत असे. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी व्रतं केली, दानं दिली, उपास केले, देवाला प्रसन्न करायचं काही बाकी ठेवलं नाही. आई, वडील, थोरली बहीण, तिघंही गेली. पुण्य कमावण्याची वाट या मुलीने शेवटपर्यंत चालून पाहिली होती. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला तिने बाप्तिस्मा घेतला. पण १९०७ साली आलेल्या आपल्या साक्षीत ती सांगते, की बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं तिच्याकडे ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. नवा धर्मही तिच्यासाठी पाळायच्या गोष्टींची नवी यादी होऊन बसला होता. १८९१च्या सुमारास तिला उमगलं, की आपण जशा आहोत तशाच स्वीकारलेल्या आहोत.

रमाबाईंचं धर्मांतर योग्य की अयोग्य यावर महाराष्ट्राने भरपूर वाद घातला आहे. मला त्यात जायचं नाही. मला एका पाटीबद्दल बोलायचं आहे. दौंडजवळच्या केडगावात दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो बायका-मुलींसाठी त्यांनी मुक्ती मिशन उभं केलं. त्यातच, ज्यांना समाज ‘वाया गेलेल्या’ म्हणायचा अशा स्त्रियांसाठी एक वेगळं घर होतं. त्याचं नाव ‘कृपा सदन’. तिथे आल्यावर काम होतं, शिकणं होतं, शिस्तही होती. पण आत येण्याआधी चारित्र्याचा दाखला लागत नव्हता. तो दाखला लागत असता तर त्या घराची गरजच नव्हती.

माझा सगळा राग या पाटीपाशी आला की थोडा गोंधळतो. लायकी हा शब्द आपण ज्या सुरात उच्चारतो तो आठवून बघा: ‘तुझी लायकी काय?’ हा प्रश्न कधीच उत्तर ऐकायला विचारलेला नसतो. बाहेर काढायला विचारलेला असतो. मी पंच्याण्णववाली म्हणून त्या दाराच्या आत असते तेव्हा मला तो शब्द न्यायाचा वाटतो. पण मी आत आहे त्यात माझ्या कष्टांशिवाय कितीतरी गोष्टी आहेत: शाळेत घालणारे आईबाप, धड शरीर, मी ज्या वर्षी नोकरी शोधत होते त्या वर्षी निघालेल्या जागा. पहाटेच्या मजुराला पहाटेच कुणीतरी कामावर घेतलं, हेही त्याने कमावलेलं नव्हतं.

देवावर विश्वास नसलेल्या माणसाला यातलं किती घेता येतं, हे मला नक्की सांगता येणार नाही. ख्रिस्ती माणूस म्हणेल, देणाराच वगळला तर भेट कसली उरली? त्याचं म्हणणं खरं असू शकतं. तरी एक गोष्ट मला घेता येते. ज्याने माझं नुकसान केलं त्याच्याकडे भरपाई मागायचा माझा हक्क शाबूत ठेवूनही, त्याने भरपाई करण्याआधी त्याच्याशी माणसासारखं बोलायला सुरुवात करता येते. ती कुणीतरी आधी करावी लागते, आणि ज्याच्याकडून घेणं आहे तो बहुतेक वेळा करत नाही.

लूकने थोरल्या भावाची गोष्ट पुरी केलेली नाही. बाप अंगणात येऊन बोलतो आणि तिथेच ती थांबते. थोरला आत गेला का, भावाशेजारी पानावर बसला का, की रात्रभर बाहेरच उभा राहिला, काहीच लिहिलेलं नाही. बापाने त्याला ओढत नेलं नाही आणि दारही लावून घेतलं नाही. आतली वाजंत्री मात्र चालू होती.